हाराडाचं नाव नाही, मग ती यादी कसली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर बॅन्टमवेटमधल्या दहा महान बॉक्सर्सचा तक्ता आला होता. तो मी दोनदा वाचला, मग माझी जुनी वही काढली आणि वही शेजारी ठेवून तिसऱ्यांदा वाचला. आधी मनापासून आभार, कारण बॉक्सिंग म्हटलं की आपल्याकडे अली आणि टायसन झाले की विषय संपतो, ११८ पौंडांची म्हणजे साधारण साडेत्रेपन्न किलोंची माणसं पेपरात दिसतच नाहीत, आणि तुम्ही त्यांना अर्धं पान दिलंत. पण तक्ता बघून जे वाटलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. विजय, हार, नॉकआउट, नॉकआउटचे टक्के असे रकाने केलेत आणि ज्याचे टक्के जास्त तो वर. आणि त्या दहांत जपानच्या फायटिंग हाराडाचं नाव नाही.

५५ विजय, ७ हार, नॉकआउट फक्त २२, त्यामुळे टक्क्यांच्या हिशोबात तो बसला नसणार हे कळतं मला. पण एडर जोफ्रेच्या ७८ फाइट्सच्या करिअरमध्ये ज्या दोनच हार आहेत, त्या दोन्ही याच माणसाकडून आहेत! जगात दुसऱ्या कोणालाच जे जमलं नाही ते यानं दोनदा केलं, आणि जोफ्रे यादीत आहे पण त्याला हरवणारा नाही. हे बरोबर नाही ना.

जोफ्रेबद्दल थोडं सांगतो, कारण त्याचा रेकॉर्ड नीट समजला नाही तर हाराडानं काय केलं ते कळणारच नाही. ब्राझीलच्या साओ पावलोचा माणूस, घराणंच बॉक्सिंगचं, वडीलच कोच, आणि शाकाहारी. बॅन्टम म्हणजे मुळात छोट्या जातीचा कोंबडा, त्यावरून याला सोन्याचा कोंबडा म्हणायचे. नोव्हेंबर १९६० मध्ये लॉस एंजेलिसला एलॉय सांचेझला सहाव्या राउंडमध्ये पाडून टायटल घेतलं, जानेवारी १९६२ ला जॉनी काल्डवेलला हरवून सगळ्या जगाचा एकच चॅम्पियन झाला, आणि १९६० ते १९६५ मिळून आठ वेळा टायटल डिफेन्ड केलं, म्हणजे राखलं. आठच्या आठ फाइट्स वेळेआधी संपल्या, म्हणजे एकाही फाइटचा निकाल जजेसच्या कागदावर गेला नाही. आता हे आठ डिफेन्स कुठं झाले ते बघा: रिओ, साओ पावलो ठीक आहे, ते घरचं मैदान, पण काराकासला जाऊन तिथल्या आरियासला हरवलं, टोकियोला जाऊन आओकीला तिसऱ्या राउंडमध्ये, फिलिपाइन्सला जाऊन जामितोला, बोगोटाला जाऊन काराबायोला. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या पब्लिकसमोर, आणि बोगोटा तर समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या वर आहे, तिथं नुसता जिना चढलं तरी बाहेरच्या माणसाला धाप लागते. तुमच्या तक्त्यात या सगळ्याचं काय झालं तर '५० नॉकआउट' एवढाच आकडा. ७२ विजयांत ५०, म्हणजे ६९ टक्के, म्हणून तो खाली घसरला आणि ९५ टक्केवाला कार्लोस झाराते सगळ्यात वर.

तर असा हा जोफ्रे, पन्नासएक फाइट्समध्ये एकदाही न हरलेला, मे १९६५ मध्ये नागोयाला गेला आणि तिथं २२ वर्षांच्या हाराडाकडून १५ राउंडनंतर स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीनपैकी दोन जजेसच्या मतानं हरला. वर्षभरानं मे १९६६ ला टोकियोत परत भेटले, आणि या वेळी तिन्ही जज हाराडाकडून. हाराडाकडे एका ठोशात खेळ संपवणारी ताकद नव्हती, त्याच्याकडे न थांबणं होतं. जुनं कृष्णधवल फुटेज बघा, हा माणूस पुढे येतो, मारतो, खातो, परत पुढे येतो, जोफ्रे काउंटरसाठी, म्हणजे उलट ठोशासाठी जागा शोधतोय आणि जागाच मिळत नाहीये कारण समोरचा छातीला चिकटलेला. चौथ्या राउंडला जोरात, नवव्याला जोरात, चौदाव्यालाही तेवढंच जोरात. हे नॉकआउटच्या टक्क्यात कुठं दिसणार?

आणि बरं, हाराडा हा मुळात फ्लायवेट चॅम्पियन. ऑक्टोबर १९६२ मध्ये वयाच्या १९व्या वर्षी पोने किंगपेचला नॉकआउट करून ११२ पौंडांचं टायटल त्यानं घेतलं होतं. तेव्हा मधली वजनं नव्हती हे लक्षात घ्या. आज ११२ आणि ११८ च्या मधे ११५ चं सुपर फ्लायवेट आहे, ११८ आणि फेदरवेटच्या १२६ च्या मधे १२२ चं सुपर बॅन्टम आहे, पायरी पायरीनं चढता येतं. तेव्हा एकदम सहा पौंड नाहीतर एकदम आठ पौंड. एवढ्या लहान शरीराला आठ पौंड म्हणजे काय चेष्टा नाही. शिवाय वजन फाइटच्या दिवशीच व्हायचं, आजच्यासारखं आदल्या दिवशी वजन करून मग रात्रभर खाऊन पिऊन ताकद परत आणणं हा प्रकार नव्हता.

हाराडाच्या सात हार मी वहीत एकेक करून मांडल्यात. बॅन्टमचा चॅम्पियन असताना टायटल फाइटमध्ये तो फक्त एकदा हरला, फेब्रुवारी १९६८ ला टोकियोत लायनेल रोझकडून, आणि रोझ म्हणजे १९ वर्षांचा ऑस्ट्रेलियन, आदिवासी समाजातला पहिला वर्ल्ड चॅम्पियन. त्याआधी ॲलन रडकिन, परत जोफ्रे, होसे मेडेल आणि काराबायो असे चार डिफेन्स हाराडानं केले होते. मग तो फेदरवेटला गेला आणि १९६९ ला सिडनीत जॉनी फेमेशनला तीनदा खाली पाडलं, आणि तरी हरला! त्या फाइटला रेफ्रीच एकटा पॉइंट्स देणार होता, रेफ्री होता विली पेप, स्वतः मोठा चॅम्पियन, त्यानं आधी ड्रॉ सांगितलं, मग कार्डाची बेरीज परत केली आणि एका पॉइंटनं फेमेशनला दिलं. ती बेरीज हाराडाच्या बाजूनं लागली असती तर तो तीन वजनांचा चॅम्पियन म्हणून गेला असता, आणि तेही मधली वजनं न घेता. तुमच्या तक्त्यात हाराडा आला असता तरी ती रात्र 'हार: १' एवढीच दिसली असती.

मघाशी मेडेलचं नाव आलं. मेक्सिकोचा होसे मेडेल हा जोफ्रेकडून दोनदा हरला, १९६० ला दहाव्या राउंडमध्ये आणि १९६२ ला सहाव्या. याच मेडेलनं १९६३ ला हाराडाला सहाव्या राउंडमध्ये थांबवलं. म्हणजे गणितानं जोफ्रे मेडेलपेक्षा भारी, मेडेल हाराडापेक्षा भारी, तर जोफ्रे हाराडाला सहज हरवणार. आणि झालं बरोबर उलटं, दोनदा. त्यानंतर जानेवारी १९६७ ला हाराडानं मेडेललाही पॉइंट्सवर हरवून हिशोब चुकता केला. म्हणून मी म्हणतो की दोन बॉक्सर्स शेजारी ठेवायचे तर टोटलवरून ठेवता येत नाहीत, कोण कोणाला कुठल्या साली, कुठल्या वजनाला, कुठल्या गावात भेटला ते बघावं लागतं.

आता झारातेबद्दल. त्याच्यावर माझा राग नाही, उलट जीव आहे. ६६ विजय, त्यात ६३ नॉकआउट, म्हणजे अख्ख्या आयुष्यात फक्त तीन वेळा त्याला पॉइंट्सवर जिंकावं लागलं, असा आकडा या वजनात परत दिसणार नाही. एप्रिल १९७७ ला कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडच्या फोरममध्ये तो आणि अल्फोन्सो झामोरा भेटले, झाराते ४५ फाइट्स ४५ विजय ४४ नॉकआउट, झामोरा २९ फाइट्स २९ विजय २९ नॉकआउट. दोघंही वर्ल्ड चॅम्पियन, दोघंही मेक्सिकन, आणि दोन संघटनांच्या भांडणात ती फाइट नॉन-टायटल करावी लागली, कुठलाच बेल्ट पणाला नाही. पहिल्याच राउंडला कोणीतरी प्रेक्षक रिंगमध्ये घुसला, त्याला बाहेर काढलं, आणि चौथ्या राउंडला झामोरा संपला. इथं एक गोष्ट तक्ता करणाऱ्यानं पाहायला हवी होती. झामोराचे त्या दिवशीचे टक्के झारातेपेक्षा जास्त होते, १०० टक्के! टक्क्यावर निकाल लागत असता तर झामोरा जिंकायचा.

झारातेच्या चार हारही बघाच. पहिली ऑक्टोबर १९७८ ला सॅन हुआनमध्ये विल्फ्रेडो गोमेझकडून, ती १२२ पौंडांवर, वरच्या वजनात. शेवटच्या दोन जेफ फेनेच आणि डॅनियल झारागोझाकडून, त्याही १२२ ला, आणि सात वर्षं घरी बसून परत आल्यावर, वय झाल्यावर. म्हणजे ११८ पौंडांवर हा माणूस एकदाच हरला, जून १९७९ ला लास वेगासमध्ये लुपे पिंटोरकडून, जो त्याच्याच मॅनेजरचा दुसरा बॉक्सर होता. चौथ्या राउंडला पिंटोर खाली पडला होता. दोन जजेसनी १४३-१४२ पिंटोरला दिलं आणि तिसऱ्यानं १४५-१३३ झारातेला दिलं. एकच फाइट बघून तिघांमध्ये एवढा फरक! झाराते त्यानंतर वैतागून रिटायरच झाला. मी ती फाइट अनेकदा बघितली, मला दर वेळी झाराते जिंकलेला दिसतो. तरीही त्याला पहिला नंबर देणार नाही, कारण जोफ्रेसारखं देशोदेशी जाऊन जिंकणं त्याच्या खात्यात तेवढं नाही आणि बॅन्टममध्ये झामोरा सोडला तर जोफ्रेच्या मेडेलच्या तोडीचे लोक कमीच आहेत. हे माझं मत झालं, पटलं नाही तर जरूर लिहा.

पिंटोरचं नाव निघालं म्हणून एक सांगतो, यादीशी त्याचा थेट संबंध नाही पण नॉकआउटच्या रकान्याशी आहे. सप्टेंबर १९८० ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये पिंटोरनं वेल्सच्या जॉनी ओवेनला बाराव्या राउंडला नॉकआउट केलं. ओवेन, २४ वर्षांचा, काडीसारखा पोरगा, २८ फाइट्समध्ये २५ विजय. तो शुद्धीवर आलाच नाही, नोव्हेंबरमध्ये गेला. पुढे २००२ ला मर्थर टिडफिलमध्ये, ओवेनच्या गावात त्याचा पुतळा उभा राहिला तेव्हा त्याचं अनावरण ओवेनच्या वडिलांच्या इच्छेनं पिंटोरनं केलं. तक्त्यात पिंटोरचे नॉकआउट मोजताना ही रात्रही त्या आकड्यात एक म्हणून धरली जाते. मला तो रकाना बघताना दर वेळी हे आठवतं आणि नुसते टक्के काढायला हात धजत नाही.

रुबेन ओलिवारेसलाही तुम्ही खाली टाकलंय, १३ हार म्हणून. ८९ विजयांत ७९ नॉकआउट, आणि १९६९ ला इंगलवूडमध्ये रोझला पाचव्या राउंडमध्ये ज्या पद्धतीनं संपवलं ते एकदा बघा, त्या डाव्या हुकचा आवाज फुटेजमध्येही कळतो असं वाटतं. तेरापैकी बॅन्टमचा बेल्ट कमरेला असताना फक्त दोन हार आहेत. एक ऑक्टोबर १९७० ला चुचो कास्तियोकडून, पहिल्याच राउंडला डोळ्यावर जखम झाली आणि चौदाव्याला रेफ्रीनं थांबवलं, ती त्यानं पुढच्या एप्रिलला जिंकून परत फेडली. दुसरी मार्च १९७२ ला राफाएल हेरेराकडून. बाकीच्या बहुतेक वरच्या वजनातल्या, अर्ग्वेयो, कोटे, पेद्रोसा असल्या लोकांकडून, आणि ते करता करता त्यानं फेदरवेटचं टायटलसुद्धा दोनदा जिंकलं. जास्त वर्षं खेळला, जास्त वजनांत खेळला, म्हणून जास्त हरला. लवकर घरी बसला असता तर तुमच्या तक्त्यात वर आला असता, हे कसं चालेल?

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियाचा जिमी कॅरुथर्स. १९५२ ला जोहान्सबर्गला जाऊन विक टॉवीलला पहिल्याच राउंडमध्ये पाडून चॅम्पियन झाला. मे १९५४ ला बँकॉकमध्ये उघड्या स्टेडियममध्ये तुफान पावसात फाइट झाली, रिंगवर पाणी साचलेलं, दोघंही बॉक्सर अनवाणी खेळले, वरचे दिवे फुटून काचा खाली पडत होत्या, आणि ती जिंकून १९ पैकी १९ अशा रेकॉर्डवर त्यानं रिटायरमेंट घेतली. १९६१ ला परत आला, सहा फाइट्स खेळला, चार हरला. आता कुठल्याही तक्त्यात तो २१ विजय ४ हार असा दिसतो, एखाद्या साध्या बॉक्सरसारखा. चॅम्पियन असतानाच्या कॅरुथर्सला कोणीही हरवलेलं नाही हे त्या दोन आकड्यांतून कोणाला कळणार?

जुन्या लोकांचे आकडे तर अजून अवघड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कायद्यानं पॉइंट्सवर विजेता जाहीर करायलाच बंदी होती, नॉकआउट झाला तरच निकाल, नाहीतर 'नो डिसिजन'. मग कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी पेपरवाले लिहायचे, आणि दोन पेपर दोन वेगळे विजेतेही लिहायचे. न्यू ऑर्लिन्सच्या पीट हर्मनचा रेकॉर्ड असा अर्धा पेपरांच्या मतांवर उभा आहे. १९१७ ला चॅम्पियन झाला, १९२० च्या डिसेंबरमध्ये टायटल गेलं, लगेच पुढच्या महिन्यात लंडनला जाऊन जिमी वाइल्डला १७व्या राउंडला थांबवलं, जुलै १९२१ ला टायटल परत घेतलं, आणि हे सगळं नजर जात असताना! एका डोळ्यानं दिसत नव्हतं, १९२२ ला खेळ सोडला आणि पुढे पूर्ण आंधळा झाला. अंगाला अंग लावून खेळायचा तो, स्पर्शावर. त्याचा एक टक्का काढून झारातेच्या टक्क्याशेजारी ठेवता येईल का, तुम्हीच सांगा. तसंच पनामा अल ब्राउनचं. एवढा उंच माणूस ११८ पौंडांत, १९२९ ते १९३५ चॅम्पियन, दीडशेच्या वर फाइट्स. आणि मॅन्युएल ऑर्टिझचं. १९४२ ते १९५०, मधले १९४७ चे दोन महिने सोडले तर सतत चॅम्पियन, १०० विजय पण २८ हार. त्यातली एक हार फेदरवेटचा चॅम्पियन विली पेपकडून, हो, तोच वर सिडनीला बेरीज करणारा. तेव्हा चॅम्पियन लोक पोटासाठी बेल्ट बाजूला ठेवून महिन्या दोन महिन्यांनी खेळायचे, आजचा चॅम्पियन वर्षातून दोनदा खेळतो.

आजच्यांना मी कमी लेखत नाहीये, तसा गैरसमज नको. नाओया इनोउए मला फार आवडतो. ११८ ला तो फक्त नऊ फाइट्स खेळला, २०१८ ते २०२२, नऊच्या नऊ जिंकला, आठ नॉकआउट. पायानोला ७० सेकंदांत. डिसेंबर २०२२ ला पॉल बटलरला हरवून चारही संघटनांचे बेल्ट एकत्र केले, बॅन्टमला असा एकच निर्विवाद चॅम्पियन १९७२ च्या एन्रिके पिंडरनंतर पहिल्यांदा मिळाला, पन्नास वर्षांनी. पण त्याची सगळ्यात मोठी फाइट कुठली म्हणाल तर मी ती नवातली एकच फाइट सांगेन जी नॉकआउट नाही. नोव्हेंबर २०१९, सायतामा, नोनितो डोनेअर. दुसऱ्या राउंडला डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं, समोर दोन डोनेअर दिसत होते, आणि तो बारा राउंड खेळून पॉइंट्सवर जिंकला. जून २०२२ ला परत भेटले तेव्हा दोन राउंडमध्ये संपवलं. पण माणूस कळतो तो पहिल्या फाइटमध्ये. तुमच्या पद्धतीनं त्या रात्रीमुळे त्याचे टक्के कमी झाले.

ओर्लांडो कानिझालेस तुम्ही घेतलात याचा आनंद झाला, त्याचे सलग १६ डिफेन्स या वजनातला रेकॉर्ड आहेत आणि तो फार कोणाला आठवत नाही. फक्त त्याचे १६ आणि जोफ्रेचे ८ शेजारी छापताना एक ओळ टाकायला हवी होती, की जोफ्रेच्या वेळी जगात चॅम्पियन एक किंवा फार तर दोन असायचे आणि कानिझालेसच्या वेळी प्रत्येक संघटनेचा वेगळा.

जोफ्रेचं एक राहिलं. हाराडाकडून दुसऱ्यांदा हरल्यावर तो तीस वर्षांचा होता, रिटायर झाला, सगळ्यांना वाटलं संपला. १९६९ ला परत आला, फेदरवेटला. २५ फाइट्स खेळला आणि पंचवीसच्या पंचवीस जिंकला. मे १९७३ मध्ये ३७ वर्षांचा असताना ब्राझिलियाला होसे लेग्राला हरवून फेदरवेटचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, आणि त्याच वर्षी विसेंते साल्दिव्हारला चौथ्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. म्हणजे हाराडाच्या आधी कोणी हरवलं नाही, हाराडाच्या नंतर कोणी हरवलं नाही, वीस वर्षांच्या करिअरमध्ये मधे फक्त तो एक माणूस. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जोफ्रे गेला तेव्हा मी त्या दोन्ही फाइट्स परत बघितल्या होत्या.

माझी यादी विचाराल तर जोफ्रे पहिला, ओलिवारेस दुसरा, हाराडा तिसरा, मग इनोउए आणि झाराते (यांच्यात माझं दर आठवड्याला बदलतं), मग ऑर्टिझ. त्यापुढच्या चार जागांसाठी तुमच्या आमच्यात वाद होऊ द्या, चांगलंच आहे. विनंती एवढीच की हा तक्ता परत कधी छापाल तेव्हा टक्क्यांचा रकाना काढून त्या जागी 'हार कोणाकडून, कुठल्या वजनाला, कितव्या वर्षी' असा रकाना टाका. जागा जास्त लागेल, दहाऐवजी सहाच नावं घ्या पाहिजे तर. आणि जोफ्रेच्या त्या रकान्यात जे एकच नाव दोनदा येईल, त्या नावाला यादीत स्वतःची ओळ द्या.

आपला,
बॉक्सिंगवर प्रेम करणारा एक जुना वाचक